विषारी वायूवर उतारा शोधायला बसला आणि शिसं, पारा, आर्सेनिकच्या विषावर औषध देऊन गेला : रुडॉल्फ पीटर्सची गोष्ट

मोसम नदीच्या काठावरच्या नामपूरला किंवा बागलाणातल्या कुठल्याही गावात एखाद्या म्हातारीला विचारा, पितळेच्या भांड्यात ताक का ठेवायचं नाही? ती लगेच सांगेल, कळकतं म्हणून. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट काही ठेवलं की त्याला हिरवट रंग येतो, चव बिघडते, खाल्लं तर उलट्या होतात. म्हणून तर कल्हईवाला दारात आला की घरातली सगळी भांडी बाहेर निघायची.

कळकणं म्हणजे दुसरं काही नसतं. भांड्यातलं तांबं अन्नात उतरतं आणि अन्नातून आपल्या पोटात जातं.

आपल्या लोकांना हे पिढ्यानपिढ्या माहीत होतं. पण प्रश्न असा की, एकदा का असला धातू शरीरात शिरला, तर तो बाहेर कसा काढायचा? शिसं, पारा, आर्सेनिक, तांबं हे काही जंतू नाहीत की औषध दिलं आणि मेले. धातू मरत नाही, कुजत नाही, जळत नाही. तो शरीरात जिथे चिकटतो तिथेच बसून राहतो.

या प्रश्नाला पहिलं नीट विचार करून बनवलेलं उत्तर मिळालं १९४० साली, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला. ते शोधणाऱ्या गटाचा म्होरक्या होता सर रुडॉल्फ पीटर्स. गंमत म्हणजे या माणसाचा मूळ अभ्यास विषाचा नव्हताच. तो कबुतरं आणि पॉलिश केलेल्या तांदळावर काम करत होता.

तर गोष्ट सुरू होते १८८९ पासून.

डॉक्टरचा मुलगा खंदकात

रुडॉल्फ अल्बर्ट पीटर्स यांचा जन्म १३ एप्रिल १८८९ चा, लंडनमधला. वडील डॉक्टर होते. शाळा झाली वेलिंग्टन कॉलेजमध्ये, पुढे लंडनचं किंग्ज कॉलेज आणि मग केंब्रिजचं गॉनव्हिल अँड कीज कॉलेज. डॉक्टरकीचं शिक्षण लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात झालं.

शिक्षण संपलं आणि पहिलं महायुद्ध पेटलं. पीटर्स सैन्यात डॉक्टर म्हणून गेले. आघाडीवर, गोळ्यांच्या माऱ्यात जखमींवर उपचार करणं हे त्यांचं काम. त्या धाडसासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला, आणि एकदा नाही तर दोनदा.

१९१७ साली त्यांना आघाडीवरून परत बोलावण्यात आलं. कारण होतं विषारी वायू. १९१५ मध्ये जर्मनीनं ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन सोडला होता आणि तेव्हापासून दोन्ही बाजू एकमेकांवर वायू सोडत होत्या. इंग्लंडमधल्या पोर्टन इथे या वायूंचा शरीरावर काय परिणाम होतो आणि त्यापासून सैनिक कसे वाचवायचे, यावर संशोधन चालू होतं. पीटर्स तिथे रुजू झाले. पुढे वीस-बावीस वर्षांनी हाच विषय पुन्हा त्यांच्या टेबलावर येणार होता.

कबुतराची मान आणि तांदळाचा कोंडा

युद्ध संपल्यावर पीटर्स केंब्रिजला परतले. तिथे फ्रेडरिक हॉपकिन्स होते, जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळालेल्या दोघांपैकी एक. त्यांच्या हाताखाली काम करून १९२३ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, पीटर्स ऑक्सफर्डला जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढची ३१ वर्षं ते त्याच खुर्चीवर होते.

तिथे त्यांनी हाती घेतला बेरीबेरी हा आजार. हातसडीचा तांदूळ सोडून गिरणीतला पांढराशुभ्र तांदूळच खाणाऱ्या लोकांना हा आजार व्हायचा. पाय लुळे पडायचे, हृदय थकायचं, माणूस मरायचा. कारण तांदळाच्या कोंड्याबरोबर ब१ जीवनसत्त्वही निघून जायचं.

कबुतरांना नुसता पॉलिशचा तांदूळ दिला की काही आठवड्यांत त्यांची मान मागे वळून पाठीला टेकायची, झटके यायचे. आणि ब१ जीवनसत्त्व दिलं की तेच कबूतर काही तासांत ताठ उभं राहायचं.

पीटर्सना इथे एक गोष्ट खटकली. अशा कबुतराचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तिथे मोठी मोडतोड दिसत नाही. दिसली असती तर ते इतक्या लवकर बरं झालंच नसतं. मग बिघडलंय काय?

त्यांनी मेंदूचे तुकडे परीक्षानळीत घेऊन पाहिलं. आजारी कबुतराच्या मेंदूचा तुकडा साखर वापरताना कमी प्राणवायू घेत होता. त्यात चिमूटभराहून कितीतरी कमी ब१ टाकलं की तो परत नीट श्वास घेऊ लागायचा. म्हणजे साखरेपासून ऊर्जा बनवण्याची जी साखळी असते, तिची एक कडी अडकलेली होती. ही कडी म्हणजे पायरुव्हिक आम्लाची. आम्ल साचत जायचं, पुढे सरकायचं नाही.

अवयव दिसायला धड, पण आतली रासायनिक क्रिया ठप्प. या अवस्थेला पीटर्सनी नाव दिलं जैवरासायनिक इजा. आजार म्हणजे केवळ सडलेला किंवा सुजलेला अवयव नव्हे, तर एका जागी अडकलेली रासायनिक पायरीही असू शकते, ही कल्पना आज साधी वाटते. त्या काळात ती नवी होती. आणि याच कल्पनेनं पुढे विषावरचा उतारा सापडला.

ल्युइसाइट नावाची भीती

१९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटिशांना भीती होती की हिटलर पुन्हा वायू सोडणार. त्यातल्या त्यात धास्ती होती ल्युइसाइटची.

हा वायू पहिल्या युद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, अमेरिकेत विनफोर्ड ली ल्युइस या रसायनशास्त्रज्ञानं तयार केला होता. त्याचं नावही त्याच्यावरूनच पडलं. तो वापरण्याआधीच युद्ध संपलं. ल्युइसाइट तेलासारखा द्रव, त्याची वाफ आणि थेंब दोन्ही घातक. कातडीला लागला की फोड, डोळ्यात गेला की आंधळेपण, आणि कातडीतून आत मुरला की सगळ्या शरीरात विष. कारण त्याच्या पोटात होतं आर्सेनिक. आपल्याकडे सोमल म्हणून ओळखलं जाणारं विष याच आर्सेनिकचं.

पीटर्सच्या प्रयोगशाळेकडे काम आलं की यावर उतारा शोधा. गटात रॉबर्ट थॉम्पसन, लॉइड स्टॉकेन, ह्यू सिंक्लेअर अशी मंडळी होती.

आता दुसरा कोणी असता तर त्यानं कपाटातली शंभर औषधं काढून एकामागून एक प्राण्यांना देऊन पाहिली असती. पीटर्सनी आधी विचारलं, आर्सेनिक शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं?

आणि उत्तर ओळखीचं निघालं. आर्सेनिकही तीच पायरुव्हिक आम्लाची कडी अडवत होतं, जी ब१ नसल्यावर अडते. कबुतरांवर घालवलेली वर्षं अशी कामाला आली.

एका हातानं नाही, दोन हातांनी

आर्सेनिकला गंधकाची ओढ असते, हे आधीपासून माहीत होतं. शरीरातल्या प्रथिनांवर गंधक आणि हायड्रोजनची जोडी असते, तिला थायॉल म्हणतात. आर्सेनिक तिथे जाऊन चिकटतं. मग साधा हिशेब असा की बाहेरून थायॉल असलेलं एखादं रसायन भरपूर द्यावं, म्हणजे आर्सेनिक त्याला चिकटेल आणि शरीर मोकळं होईल.

तसं करून पाहिलं. जमलं नाही. एक थायॉल असलेली रसायनं आर्सेनिकला धरायची, पण सोडूनही द्यायची. आर्सेनिक परत आपल्या जागेवर.

मग स्टॉकेन आणि थॉम्पसन यांनी केसांतल्या केराटिन या प्रथिनावर प्रयोग केला. केराटिनमध्ये गंधक भरपूर असतं. त्याच्याशी ल्युइसाइटची गाठ घालून त्यांनी मोजलं, तेव्हा दिसलं की आर्सेनिकचा एक अणू बहुतेक ठिकाणी दोन थायॉलना एकदम धरून बसलाय. दोन हातांनी धरल्यामुळे एक वेटोळं तयार होत होतं, आणि ते वेटोळं सहजी सुटत नव्हतं.

इथे सगळी गाठ उकलली. शरीरातल्या त्या एंझाइमलाही आर्सेनिक दोन हातांनीच धरत असणार. मग त्याला सोडवायचं तर बाहेरून आणलेल्या औषधालाही शेजारी शेजारी दोन थायॉल हवेत. (त्या एंझाइमच्या कामात लागणारं, दोन गंधक असलेलं लायपोइक आम्ल १९५१ च्या सुमारास हाती आलं आणि हा अंदाज बरोबर ठरला.)

१९४० च्या उन्हाळ्यात, जर्मन विमानं इंग्लंडवर घिरट्या घालत असताना, ऑक्सफर्डला असं रसायन तयार झालं. ग्लिसरीनसारखी तीन कार्बनची छोटी साखळी, तिच्यावर दोन थायॉल. पुढे त्याला ब्रिटिश अँटी-ल्युइसाइट, म्हणजे बाल, हे नाव पडलं. औषधाच्या दुकानातलं त्याचं नाव डायमरकॅप्रॉल.

धातूला असं दोन बाजूंनी धरण्याला किलेशन म्हणतात. हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलाय. खेकडा कसा दोन नांग्यांत पकडतो, अगदी तसंच.

उंदीर, ससे आणि एक कटू हिशेब

परीक्षानळीत जमलं म्हणजे शरीरात जमेलच असं नाही. म्हणून पुढची पायरी होती प्राण्यांची.

उंदरांच्या कातडीवर ल्युइसाइट लावायचा आणि ठरावीक वेळानं बाल लावायचं. एका गटाला औषध, दुसऱ्या गटाला नाही. किती जगले, किती मेले, लघवीतून किती आर्सेनिक बाहेर पडलं, हे मोजायचं. औषध दिलेल्यांच्या लघवीत आर्सेनिक वाढलं, म्हणजे नांगी आपलं काम करत होती.

डोळ्यांचे प्रयोग सशांवर झाले. नेत्रतज्ज्ञ आयडा मान आणि त्यांच्या सहकारी अँटोइनेट पिरी यांनी ते केले. ल्युइसाइट गेलेल्या सशाच्या डोळ्यात काही मिनिटांच्या आत बाल घातलं तर डोळा वाचायचा. जसजसा उशीर होई, तसतसा फायदा घटे. यावरून एक गोष्ट कळली, जी आजही विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाला लागू आहे. उतारा कितीही चांगला असला तरी वेळ गेली की गेली.

हे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. त्या मुक्या जिवांना जाणूनबुजून विष दिलं गेलं होतं. तेव्हा आजच्यासारख्या नीतिसमित्या नव्हत्या. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला आणि आता प्राण्यांवर प्रयोग करण्याआधी संस्थेच्या समितीची मंजुरी लागते. कमीत कमी प्राणी, कमीत कमी वेदना, आणि पर्याय असेल तर प्राणी नकोच, हा आजचा नियम.

पण याच प्रयोगांनी माणसांना एका मोठ्या चुकीपासून वाचवलं, हेही खरं.

झालं असं की बाल आर्सेनिकवर चालतं म्हटल्यावर सगळ्याच धातूंवर ते देऊन पाहायचं ठरलं. पाऱ्यावर फायदा दिसला. पण कॅडमियमची विषबाधा झालेल्या प्राण्यांत भलतंच झालं. बालनं कॅडमियमला धरलं खरं, पण ती जोडी मूत्रपिंडात पोचल्यावर तिथेच कॅडमियम सुटू लागलं आणि मूत्रपिंडाची इजा उलट वाढली. म्हणजे एका धातूचा उतारा दुसऱ्या धातूत मारक.

पुढे १९८३ साली सशांवरच्या आणखी एका अभ्यासात दिसलं की बाल दिल्यावर मेंदूतलं आर्सेनिक वाढतं. औषध धातूला उचलतं, पण कुठे नेऊन टाकतं हे पाहिल्याशिवाय ते चांगलं म्हणता येत नाही. मोजमाप करणाऱ्यांनी केवळ लघवी तपासली असती तर हे कधीच कळलं नसतं.

युद्धात नाही, दवाखान्यात

आता नियतीचा खेळ बघा. हिटलरनं रणांगणावर ल्युइसाइट सोडलाच नाही. ज्या कामासाठी औषध बनवलं, त्या कामाला ते आलंच नाही. युद्धभर हे संशोधन गुपित राहिलं आणि १९४५ अखेरीस जगासमोर आलं.

पण रुग्ण वाट पाहत होतेच. त्या काळात सिफिलिस या गुप्तरोगावर आर्सेनिकयुक्त इंजेक्शनं दिली जात. काही रुग्णांची सगळी कातडी सोलवटून निघायची, काहींच्या मेंदूला सूज यायची. रोगापेक्षा औषधच जीव घ्यायचं. अशा रुग्णांना बाल दिलं गेलं आणि ते बरे होऊ लागले. पीटर्स स्वतः या उपचारांच्या अभ्यासात सहभागी होते.

हे औषध घेणं मात्र सोपं नव्हतं. बाल पाण्यात टिकत नाही, म्हणून ते शेंगदाणा तेलात कालवून कमरेच्या स्नायूत खोल टोचावं लागतं. इंजेक्शन दुखतं, वास उग्र, उलट्या होतात, रक्तदाब वाढतो. उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांतलं अंतर कमी. तरीही मेंदूपर्यंत गेलेल्या शिशाच्या विषबाधेत आणि आर्सेनिकच्या गंभीर विषबाधेत ते आजही वापरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत डायमरकॅप्रॉलचं नाव आहे.

बालची पुढची पिढीही आली. पाण्यात विरघळणारी, तोंडानं घेता येणारी, कमी त्रासाची. त्यातलं सक्सिमर हे औषध अमेरिकेत १९९१ साली मुलांमधल्या शिशाच्या विषबाधेसाठी मंजूर झालं. दोन हातांची कल्पना तीच, ऑक्सफर्डची.

धागा पुण्यापर्यंत येतो

१९५१ साली डॉक्टरांनी बाल वापरलं विल्सन नावाच्या आजारावर. या जन्मजात आजारात तांबं यकृतात आणि मेंदूत साचत जातं. बाल दिल्यावर रुग्णांमध्ये सुधारणा दिसली, पण जन्मभर रोज असली इंजेक्शनं कोण घेणार? १९५६ साली जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरनं पेनिसिलामाइन हे गोळीसारखं घेता येणारं औषध आणलं. यातही गंधकाचा थायॉल आहेच. रुग्णाला देण्याआधी ते त्यांनी स्वतः गिळून पाहिलं होतं.

आणि इथून गोष्ट आपल्या घरात येते.

आपल्याकडे लहान मुलांचा एक जीवघेणा आजार होता. सहा महिने ते तीन-चार वर्षांच्या मुलाचं पोट फुगायचं, यकृत दगडासारखं कडक व्हायचं, कावीळ व्हायची आणि काही महिन्यांत मूल जायचं. एकाच घरात पाठोपाठ दोन मुलं जायची. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याचं नाव इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस.

१९७९ साली या मुलांच्या यकृतात प्रचंड तांबं असल्याचं प्रसिद्ध झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी याचा माग काढला. १९८३ च्या त्यांच्या अभ्यासात बोट दाखवलं गेलं ते घरातल्या भांड्याकडे. आईचं दूध लवकर तोडून बाळाला गाई-म्हशीचं दूध सुरू केलेलं, आणि ते दूध तापवलेलं, साठवलेलं कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात.

मग याच मुलांना पेनिसिलामाइन देऊन पाहिलं गेलं. आजार लवकर ओळखला तर मुलं वाचू लागली. फार पुढे गेलेला असेल, कावीळ चढलेली असेल, तर औषधाचाही उपयोग होत नसे. सशाच्या डोळ्यानं चाळीस वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं, तेच पुन्हा दिसलं. उशीर परवडत नाही.

आज हा आजार जवळपास दिसेनासा झालाय. त्याचं श्रेय औषधापेक्षा जास्त जातं ते स्टीलच्या भांड्यांना आणि आयांपर्यंत पोचलेल्या माहितीला.

शेवटपर्यंत प्रयोगशाळेत

पीटर्स मात्र बालवर थांबले नाहीत. दक्षिण आफ्रिकेत एक झुडूप खाऊन गुरं मरत होती. त्यातलं विष होतं फ्लुओरोअॅसिटेट, जे उंदीर मारायलाही वापरतात. पीटर्सना दिसलं की हे रसायन स्वतः फारसं घातक नाही. शरीरच त्याला आपल्या साखळीत घेतं आणि त्यापासून खरं विष तयार करतं. शरीर आपल्या हातानं आपलं मरण रांधतं. याला त्यांनी नाव दिलं घातक संश्लेषण.

१९३५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. १९४९ मध्ये सोसायटीचं रॉयल मेडल मिळालं, १९५२ मध्ये सर ही पदवी. १९५४ साली ऑक्सफर्डमधून निवृत्त झाल्यावर केंब्रिजजवळच्या बाब्रहम इथल्या प्राणी शरीरक्रिया संस्थेत त्यांनी पाच वर्षं जीवरसायन विभाग सांभाळला. त्यानंतरही केंब्रिजमध्ये त्यांचं संशोधन चालूच राहिलं. २९ जानेवारी १९८२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, केंब्रिजला त्यांचं निधन झालं. नोबेल त्यांना मिळालं नाही.

जाता जाता एक महत्त्वाचं. आजकाल शरीरातली विषं बाहेर काढून देतो म्हणून किलेशनच्या नावाखाली बरंच काही विकलं जातं. पीटर्सच्या कामाचा अर्थ नेमका उलटा आहे. कुठला धातू, किती, कुठे बसलाय, हे मोजल्याशिवाय ही औषधं द्यायची नसतात. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात चुकीचं किलेशन औषध शिरेतून दिल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम घसरून लहान मुलांसह काही जण दगावल्याची नोंद आहे.

तेव्हा विषबाधेची शंका आली तर व्हॉट्सअॅपवरचा उपाय नको, सरळ रुग्णालय गाठा. आणि घरात आजीची पितळी पातेली असतील तर ती जरूर वापरा, फक्त आतली कल्हई शाबूत आहे का ते बघा. बाळाचं दूध मात्र स्टीलच्याच भांड्यात तापवा.